चार देवकाबाई

बेलटोला, ता. मोहाडी
दि. १८ ऑगस्ट २०२४

चि. खुशबूस मोठ्या आईचे अ. आ. अन् सप्रेम जयभीम, वि. वि.

फोन असून पत्र कायले लिवलं असं म्हणशील. फोनवर अर्धी गोष्ट होते न होते तं तुही ड्यूटी लागते, अन् मले तुकड्या-तुकड्यानं बोलता येत नाही. म्हणून कागदावर लिवून त्याचा फोटो धाडून राहिली. फोटोत माहं बोट आलं असंल तं बोटाखालचं अंदाजानं वाचजो. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नको. तुहं उत्तर मी मोहाडीच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून घेईन, मोबाइलवर मले बारीक दिसत नाही.

इकडं धानाचा रोवणा आटपला. पाणी बरं झालं, बांध्या हिरव्या दिसून राहिल्या. तुहे मोठे बाबा गुडघ्याची कुरकुर करते, पण जेवाले सगळ्यात पुढं. म्हणजे बरे आहेत समज.

आता मुद्द्याचं. आपलं जुनं विहार पाडून नवं स्लॅबचं बांधलं हे तुले माहीत आहे. त्याच्या दारापाशी काळा दगड बसवणार आहेत. जुनं विहार ज्या बायांनी बांधलं त्यांची नावं त्याच्यावर कोरणार. १९६९ च्या उन्हाळ्यात टोल्यातले माणसं मँगनीजच्या खाणीत कामाले गेले होते. बायांनी दिवसभर दुसऱ्याच्या कामावर जाऊन सांजच्या पाह्यरी तलावातला गाळ काढला, विटा पाडल्या, भट्टी लावली, भिंती उभ्या केल्या. केशवराव गुरुजींनी तवा वहीत एकेकीचं नाव लिवलं. एक्केचाळीस नावं. गुरुजी गेले, वही राहिली.

ती वही समितीच्या सचिवानं, धर्मेंद्रनं, कंप्युटरवर उतरवली. धर्मेंद्र आपल्या शहारेच्यातलाच, ग्रामपंचायतीत ऑपरेटर आहे, पोट्टा वाईट नाही. यादी विहारात लावली तं मी गेली वाचाले. बोट ठेवून वाचली. अडतीस नावं. देवकाबाई शहारे एकदाच.

तुही आजी देवकाबाई, हे तुले ठाऊक. पण शहारेच्या घरांत देवकाबाई नावाच्या चार सुना होत्या हे तुले ठाऊक नसंल. सासरी बाईले नावानं कोण हाक मारते. ज्या गावची पोरगी त्या गावची वाली. तुही आजी नाकाडोंगरीवाली, बाकीच्या तिघी आसगाववाली, मोहाडीवाली अन् करडीवाली. चौघी विटांवर होत्या म्हणून गुरुजींनी नाव चारदा लिवलं. धर्मेंद्रले वाटलं, म्हाताऱ्या मास्तरनं चुकून एकच नाव चारदा लिवलं. त्यानं तीन खोडले.

समितीचा अध्यक्ष इश्वर बन्सोड, जिल्हा परिषदेतून रिटायर झालेला, त्याले मी सांगितलं. तो म्हणते, वहिनी, तुमच्या सासूचं नाव आहे ना, मंग तुमाले काय पडलं. मी म्हटलं, जे राहिलं ते माह्या सासूचं आहे कशावरून. तो म्हणते, दगड कोराले गेला, खाली समितीचे अकरा नावं आहेत, आता जागा नाही. अकरा जणांनी एक वीट उचलली नाही अन् त्यांची अक्षरं बायांच्या अक्षरापेक्षा मोठी.

अशोक विजयादशमीले दगडावरचा पडदा काढणार. तोवर मी काही गप बसत नाही. तू थंडीत डोक्याले बांधत जाजो अन् उपाशी झोपू नको.

माया पोहोचली का ते कळवजो.
तुही मोठी आई


दि. ३० ऑगस्ट २०२४
वेल्स

ती. मोठी आईस खुशबूचा सविनय जयभीम, वि. वि.

पत्र मिळालं. बोट दोन ठिकाणी आलं आहे, पण रागाच्या ओळी सगळ्या वाचता आल्या. मी उपाशी झोपत नाही. इथं तांदूळ मिळतो, फक्त आपल्या तांदळासारखा वास त्याला नाही.

पप्पांचा फोन आला होता. त्यांचं म्हणणं, वहिनीला समजाव, समितीशी वैर घेऊन टोल्यात राहायचं कसं. मलाही एक विचारायचं आहे, चिडू नको. आजीनं तुला सुखाचा घास खाऊ दिला नाही. तुम्ही दोघी चार-चार महिने बोलत नव्हता आणि एका स्वयंपाकघरात बसून माझ्या तोंडी निरोप पाठवत होता. मीठ संपलं हा निरोपसुद्धा मी दिलेला आठवतो. आता तिच्या नावासाठी तू अख्ख्या समितीशी भांडतेस, ते काहून?

तुझं पत्र आलं त्या आठवड्यात गंमत म्हणजे माझ्या वॉर्डात दोन विल्यम जोन्स होते. हा वेल्स मुलूख इंग्लंडला लागूनच आहे, पण यांची भाषा वेगळी, डोंगर आणि मेंढ्या फार, आणि आडनावं मोजकी. गावात दहा जोन्स, म्हणून दूधवाला जोन्स, डाकवाला जोन्स असं म्हणायची जुनी पद्धत. आपल्या आसगाववालीसारखंच. एका नावाचे दोन पेशंट आले की आम्ही दोघांच्या फाइलला लाल कार्ड लावतो आणि गोळी देण्याआधी दर वेळी जन्मतारीख विचारतो. एकाची गोळी दुसऱ्याच्या पोटात गेली तर जीव जाऊ शकतो.

त्यातले एक रिटायर मास्तर आहेत. मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली, तर ते उठूनच बसले. म्हणाले, आमच्याकडे नाव काढलेले विल्यम जोन्सच किती तरी होऊन गेले. त्यांतले त्यांना चार पाठ. एक शेतकऱ्याचा मुलगा, गणितात मोठा झाला, शाळेत वर्तुळ मोजायला जी ‘पाय’ नावाची खूण शिकवतात ती त्यानं पहिल्यांदा त्या अर्थानं वापरली. दुसरा त्याचाच मुलगा, न्यायाधीश होऊन कलकत्त्याला आला आणि तिथं संस्कृत शिकला. तिसरा डोंगरातला कुळाचा शेतकरी, लोकांना औषधं द्यायचा आणि जमीनदारांविरुद्ध लिहायचा. चौथा घड्याळं दुरुस्त करणारा. गरिबालाही मत पाहिजे म्हणून तो हजारो लोकांबरोबर चालून गेला, त्याला मरणाची शिक्षा झाली, मग ती बदलून जहाजात घालून जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं.

मास्तर म्हणाले, आमच्या चरित्रकोशात प्रत्येकाला त्याची जागा आहे. नाव, साल, आणि काय केलं ते. नाव एकच आहे म्हणून कोणी कोणाला खोडत नाही.

हे तुला उपयोगी पडेल की नाही, ठाऊक नाही. भांडणापायी बीपीची गोळी चुकवू नको.

रागातून वेळ मिळाला तर माझी आठवण काढ.
तुझी खुशबू


बेलटोला
दि. १० सप्टेंबर २०२४

चि. खुशबूस अ. आ. व जयभीम, वि. वि.

तुहं पत्र झेरॉक्सवाल्यानं काढलं अन् उभ्या उभ्या वाचूनही घेतलं. मले म्हणते, मावशी, फाशीवाला चांगला माणूस होता. मलेही तोच आवडला. वर्तुळवाल्याचं मले काही समजलं नाही. अन् तो संस्कृतवाला, त्याले परदेशातून येऊन ते शिकता आलं, आपल्या पणज्याच्या कानावरही पडू देत नव्हते, हे त्या मास्तरले सांगजो. मास्तर आहे म्हणून सांगतो, वाईट मानू नको म्हणा.

आता तुह्या काहूनचं उत्तर. बुडीशी, म्हणजे माह्या सासूशी, माहं वैर होतं ते तिचं अन् माहं. सव्वीस वर्षं ती माह्या हातचा भात खात राहिली अन् सव्वीस वर्षं त्याले नाव ठेवत राहिली. मीही कमी नव्हती. पण वैर कराले तरी समोर माणूस लागते. ह्यांनी तिले खोडलं तं मी इतके वर्षं भांडली कोणाशी? तुह्या बापाले सांग, टोल्यात कसं राहाचं ते मले त्याच्यापेक्षा जास्त समजते. तो भंडाऱ्याले राह्यते.

परवा रविवारी वंदनेनंतर मीटिंग झाली. मी हात वर नाही केला, उभीच राहिली. इश्वरभाऊ म्हणते, चार देवकाबाई होत्या ह्याचा पुरावा आणा. चौघीही मेल्या, मी पुरावा कुठून आणू. यादीतली एकच बाई जित्ती आहे, पार्वताबाई. ती त्या उन्हाळ्यात वीस वर्षांची होती. तिले मी हात धरून नेली होती. ती बसल्या बसल्या बोलली.

तिनं सांगितलं ते तुले लिवतो म्हणजे तुह्याजवळ राहील. गाळ काढून राहिल्या असताना गावातल्या एका मोठ्या माणसाचा गडी आला. म्हणे, तलावाची माती तुमची नाही, थांबवा. एकीनं फावडं उगारलं. त्यानं नाव विचारलं, तिनं सांगितलं, देवकाबाई शहारे. दुसऱ्या दिवशी जमादार आला अन् म्हणे, देवकाबाई शहारे कोण, चल ठाण्यात. तं चौघी उभ्या झाल्या. जमादारले वाटलं बाया थट्टा करून राहिल्या. चौघींनी नवऱ्याचं नाव सांगितलं, घर दाखवलं. चौघीही देवकाबाई शहारे. फावडं कोणी उगारलं तं चौघी म्हणे, मीच. शेवटी चौघींले नेलं, दिवसभर उन्हात बसवलं अन् दिवस बुडता सोडून देलं. कागदावर एकच नाव होतं, त्याले लावाले बाई सापडली नाही. तुहे मोठे बाबा त्या दिवशी आजीच्या पदराखाली होते, दुधावर. म्हणजे तेही ठाण्यात जाऊन आले. मीटिंगमध्ये मात्र मान खाली घालून बसले होते.

आजपर्यंत बुडीनं हे मले सांगितलं नव्हतं. भातात खडा आहे हे रोज सांगे, हे नाही सांगितलं.

इश्वरभाऊ म्हणते, ही ऐकीव गोष्ट झाली. मंग मी विचारलं, इथं आसगाववालीचा नातू कोण आहे. धर्मेंद्रनं हात वर केला. मी म्हटलं, बापू, तुह्या आजीचं नाव काय. तो म्हणे, आसगाववाली. मी म्हटलं, ते गाव झालं, नाव सांग. ते पोट्ट्याले ठाऊक नव्हतं. त्याचा बाप नागपूरले राह्यते, त्याले त्यानं मीटिंगमधूनच फोन लावला. फोन स्पीकरवर टाकला. बाप म्हणे, देवकाबाई. त्यानं सोताच्या आजीले सोताच्या हातानं खोडलं होतं, बटन दाबून.

मले वाटलं, झालं. नाही झालं. इश्वरभाऊनं तोडगा काढला. दगड तं कोरून झाला, म्हणे, त्या नावापुढं कंसात चार लिवू. देवकाबाई शहारे, कंसात चार. सगळ्यांनी माना हलवल्या. धर्मेंद्र तेवढा हलला नाही. मी म्हटलं, पंगतीत पत्रावळी मोजून राहिले का. तं म्हणते, वहिनी, आता तुमी अडून बसून राहिल्या. मी म्हटलं, हो, बसली.

गोळी घेतो. बीपी ठिकाणावर आहे.
मोठी आई


दि. २२ सप्टेंबर २०२४
वेल्स

ती. मोठी आईस सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग मास्तरांना इंग्रजीतून सांगितलं. संस्कृतवाल्याबद्दलचं वाक्यही सांगितलं.  ते म्हणाले, तिचं बरोबर आहे. कंसात चार ऐकल्यावर म्हणाले, असं आम्ही मेंढ्यांचं लिहितो.

शनिवारी वॉर्डातले दुसरे विल्यम जोन्स गेले. घरी फोन मला करायचा होता. लाल कार्ड असून मी तीनदा तपासलं. मास्तरांची मुलगी त्याच दिवशी भेटायला येणार होती. चुकून तिला फोन गेला असता तर, हेच डोक्यात. त्या दिवशी मला तुझी चिडचिड समजली. आधी मला वाटलं होतं, दगडाचं एवढं काय.

मास्तरांचा एक प्रश्न आहे आणि तो माझाही आहे. आजीला कोशासारखी एक ओळ मिळाली तर त्यात तू काय लिहिशील? गोड लिहिणार असशील तर मला आधीच सांग, मी विश्वास ठेवणार नाही.

एवढं मोठं भांडण एकटीनं लढतेस, थोडं माझ्या वाटणीला ठेव.
खुशबू


बेलटोला
दि. १७ नोव्हेंबर २०२४

चि. खुशबूस मोठ्या आईचे अ. आ. व सप्रेम जयभीम, वि. वि.

दोन महिने लिवलं नाही. धान कापणी होती अन् मधात हे सगळं. तू फोनवर विचारे तवा मी फक्त पाहू म्हणे, कारण फोनवर सांगाची ही गोष्ट नव्हती.

विजयादशमीले इश्वरभाऊनं कंसातले चार कोरूनच दगड बसवला. वरून निळं कापड. भंडाऱ्याहून पाहुणे आले, मांडव, माइक, सगळं. दोरी पार्वताबाईच्या हातानं ओढाची होती, कारण जित्ती तीच. मी तिले काही शिकवलं नाही, हे तू लिवून ठेव, टोल्यात सगळे म्हणून राहिले की मी शिकवलं. तिनं दोरी हातात घेतली अन् इश्वरभाऊले विचारलं, बापू, ह्याच्यावर जी देवकाबाई आहे ती कोणती. तो म्हणे, आजी, चौघीही. ती म्हणे, चौघी आहेत तं चौघींचे बाप वेगळे, नवरे वेगळे, लेकरं वेगळे, मंग दगडावर एकीच्या अंगावर एक कायले रचल्या. दोरी तिनं त्याच्या हातात परत देली अन् खुर्चीवर जाऊन बसली. इश्वरभाऊले ती ओढता येईना अन् सोडताही येईना. पाहुण्यानं भाषण आटपलं, जेवला, गेला. कापड तसंच राहिलं. महिनाभर तसंच होतं. विहारात येणारा प्रत्येक जण त्या कापडाकडं पाहे अन् मंग माह्याकडं पाहे. मीही पाहे त्यांच्याकडं.

त्या महिन्यात इश्वरभाऊच्या घरच्यांनी माह्याशी बोलणं टाकलं. कापणीले मजूर बाया त्याच्या वावरात गेल्या, माह्याकडं दोघीच आल्या. तुहे मोठे बाबा म्हणे, पाह्य, हे असं होते. मी म्हटलं, हातात विळा घ्या अन् कापा. त्यांनी घेतला. गुडघ्याचं नाव नाही काढलं. अर्धी बांधी कापून झाल्यावर म्हणे, माय मले घेऊन ठाण्यात बसली होती, मले हे पंचावन्न वर्षांनी बाहेरच्याकडून समजलं. मंग पुन्हा कापाले लागले. ह्या माणसाचं इतकं लांब वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

धर्मेंद्र बांधावर आला तवा आमी पेंड्या बांधून राहिलो होतो. यादी नव्यानं टाइप करून आणली होती. एक्केचाळीस ओळी. खालचे समितीचे अकरा नावं त्यानं काढून टाकले, इश्वरभाऊचं धरून. मी म्हटलं, तुले समितीतून काढतील. तो म्हणे, काढलंच परवा. पण दगडाच्या कामावर सही सचिवाची लागते अन् माह्या जागी नवा सचिव कोणी व्हायले तयार नाही. मंग म्हणे, काकू, वेल्सवाल्यांसारखं एकेकीपुढं एक ओळ टाकू, तुमीच सांगा. म्हणजे तुह्या मास्तरची गोष्ट टोलाभर झाली आहे. झेरॉक्सवाला कोणाले सोडत नाही.

मी सगळ्यांच्या घरी गेली. इश्वरभाऊच्याही. त्याची माय यादीत आहे ना. तो बाहेर नाही आला, पण त्याच्या बायकोनं ओळ सांगितली. आसगाववालीपुढं लिवलं, चिखल तुडवला, सगळ्यांत शेवटी घरी गेली. मोहाडीवालीपुढं, भट्टी तिच्या नजरेखाली होती. करडीवालीपुढं, पोटुशी असून विटा वाहिल्या. ती ओळ सांगताना तिची सून रडली, मले तिथं बसणं जड झालं.

राहिली तुही आजी. घरात बसली, पेन घेतला. दोन दिवस काही सुचलं नाही. पार्वताबाईले विचारलं, त्या दिवशी खरं फावडं कोणी उगारलं होतं. ती म्हणे, चौघी मीच म्हणल्या तं आता मी एकीचं नाव कायले सांगू, जमादारले नाही सांगितलं. म्हणजे ते लिवता येत नाही. कष्टाळू लिवलं तं सगळ्याच कष्टाळू. प्रेमळ लिवलं तं तू म्हणतेस तसं, तुहाच विश्वास बसला नसता, अन् बुडी दगडातून उठून माह्या अंगावर आली असती. मंग मी जे खरं आहे ते लिवलं अन् धर्मेंद्रच्या हातात कागद देला.

इश्वरभाऊ ते वाचून पहिल्यांदा माह्या दारात आला. म्हणे, वहिनी, बाकीचं सगळं मान्य, माहं नाव गेलं तेही मान्य, पण हे विहार आहे, सासूची निंदा दगडावर कोरता का. मी म्हटलं, निंदा नाही, तिची ओळख आहे. गड्याचं ऐकलं असतं तं विहार झालं नसतं. जमादारचं ऐकलं असतं तं चौघींतली एकटीच ठाण्यात गेली असती. माहंही ऐकलं नाही, त्याचा मले त्रास झाला, तो मी भोगला. एकाच सवयीतून दोन्ही आलं, त्यातलं मले गोड तेवढं वेगळं काढता येत नाही. तो बसला, पाणी प्याला, गेला. कोरू नका असं पुन्हा बोलला नाही.

परवा पौर्णिमेले नवा दगड बसला. दोरी पार्वताबाईनंच ओढली. मंग धर्मेंद्रनं एक्केचाळीस ओळी माइकवर वाचल्या. सव्विसावी तुह्या आजीची. जशी आहे तशी तुले लिवतो:

देवकाबाई चिंधू शहारे, माहेर नाकाडोंगरी. कोणाचं ऐकलं नाही.

मांडवात हसले सगळे. पार्वताबाई म्हणे, हीच ती. मी रडली नाही. तुहे मोठे बाबा रडले.

तुह्या मास्तरले माहा जयभीम सांगजो अन् ही ओळ त्याच्या भाषेत करून वाचून दाखवजो. नीट होत नसंल तं तशीच ठेव, गोड करू नको.

तांदूळ नवा निघाला आहे, कोणी येणारं असंल तं धाडतो. लोभ मागाची माही सवय नाही, तो आहे असं धरून चालतो.

तुही मोठी आई,
सुमनबाई शहारे, माहेर वरठी